गुप्त मतदान, उघडी वाडी

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याने मुंबई-पुण्याच्या राजकीय पंडितांना नेहमीच कोड्यात टाकले आहे. १९६२ ते २०१४ या काळात या दुष्काळी तालुक्याने गणपतराव देशमुखांना अकरा वेळा विधानसभेत पाठवले, तेही शेतकरी कामगार पक्षातर्फे. ज्या पक्षाला राज्यात स्वबळावर सत्ता कधी मिळाली नाही, त्याच्या माणसाला इतकी वर्षे निवडून देणारे हे कसले लोक? पंडितांचे उत्तर तयार असते. जातीचे गणित!

जात आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण याच तालुक्याने १९९० साली देशमुखांना निवडून दिले, १९९५ साली पाडले आणि १९९९ साली पुन्हा आणले. या नऊ वर्षांत तालुक्याची जात काही बदलली नव्हती. १९९५ चा तो पराभव होता अवघ्या १९२ मतांचा. पुढे २०१९ मध्ये शिवसेनेचे शहाजीबापू पाटील ७६८ मतांनी आले. २०२२ साली गुवाहाटीच्या हॉटेलातून केलेल्या एका फोनमुळे त्यांची माणदेशी बोली घराघरांत पोचली, मुलांच्या तोंडी झाली. तरी २०२४ ला ते पडले आणि देशमुखांचे नातू बाबासाहेब विधानसभेत गेले. लाट, जात, प्रसिद्धी, यांपैकी एकच किल्ली घेऊन हे कुलूप उघडत नाही.

मला या इतिहासात रस आहे तो त्या १९२ आणि ७६८ या आकड्यांमुळे. एका मतदान केंद्राच्या यादीत हजार-बाराशे नावे सहज असतात. म्हणजे दोन्ही वेळा तालुक्याचा निकाल एका केंद्राच्या यादीत मावेल एवढ्या मतांनी लागला. आता प्रश्न असा, की ती मते कोणत्या गावची, कोणत्या वाडीची होती, हे पडलेल्या उमेदवाराला कळावे काय? आज ते कळते. नुसते कळते असे नव्हे, तर निवडणूक यंत्रणाच 'नमुना २०' नावाच्या तक्त्यात केंद्रवार आकडे प्रसिद्ध करते.

शहरातल्या वाचकाला यात काही वावगे वाटणार नाही. त्याचे केंद्र म्हणजे चार सोसायट्यांची गर्दी. शेजारचा कोण हेच जिथे ठाऊक नसते, तिथे मत कोणाचे हे कोण शोधणार? लहान गावात मात्र एक वाडी म्हणजे एक केंद्र, आणि वाडी म्हणजे दोन-तीन भावक्या. गुलाल खाली बसायच्या आत पारावर हिशेब सुरू होतो. "तुमच्या वाडीतनं बावीसच कशी पडली?" एवढा एक प्रश्न पुरतो. बावीस कोण हे नक्की कळत नाही, हे खरे. म्हणून संशय बावीस घरांवर न थांबता अख्ख्या वाडीवर जातो. मग रस्त्याचे खडीकरण पुढच्या वर्षावर ढकलले जाते, टँकरची खेप उशिरा येते. हे एकट्या सांगोल्याचे नव्हे. कोणत्याही तालुक्यातल्या जुन्याजाणत्या माणसाला विचारा, तो असे एक तरी गाव दाखवील.

मतपत्रिकांच्या काळी या दुखण्यावर औषध होते. मतदारांना धाकदपटशा होण्याची भीती असेल, तर निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मगच मोजण्याची तरतूद निवडणूक नियमांत होती. यंत्रे आली आणि मिसळणे संपले, कारण प्रत्येक यंत्र आपल्या केंद्राचा आकडा स्वतंत्रपणे सांगते. त्यावर उपाय म्हणून अनेक यंत्रांची बेरीज एकत्र दाखवणाऱ्या 'टोटलायझर'चा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ साली मांडला. विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. केंद्र सरकारने मात्र सर्वोच्च न्यायालयात विरोध केला. म्हणणे असे, की केंद्रवार आकडे मिळाले तर आपण कुठे कमी पडलो ते पक्षांना समजते आणि तिथे काम करता येते.

ऐकायला हे छान आहे. मते न देणाऱ्या वाडीकडे पुढारी विकास घेऊन धावत सुटला आहे, असे दृश्य मी तरी पाहिलेले नाही!

या विरोधाची दुसरी, अधिक वजनदार बाजूही आहे. केंद्रावरच्या प्रतिनिधीला मतदान संपताच झालेल्या मतांचा हिशेब मिळतो. मोजणीच्या वेळी तो ताडून पाहता येतो. बेरीज एकत्र झाली तर ही पडताळणी दुबळी होईल, अशी शंका घेणाऱ्यांना वेड्यात काढता येणार नाही. यंत्रांवरचा अविश्वास आज गावोगाव बोलला जातो. पण केंद्रवार आकडा यंत्रात राहू द्यावा, तक्रार आली तर न्यायालयाने तो उघडावा, एरवी पारावर येऊ नये, एवढी व्यवस्था काही अशक्य नाही. कोणत्या केंद्रावर किती जणांनी मत दिले हे जाहीर करायलाही हरकत नाही. कोणाला किती, हे मात्र दहा-बारा गावांचे एकत्रच कळावे.

तसे झाले तरी ग्रामपंचायतीचे काय, हा प्रश्न उरतोच. तिथला प्रभागच मुळी चार-पाचशे मतांचा, आणि त्यातल्या निम्म्या घरांत उमेदवाराची सोयरीक. तिथे आकडा लपवून उपयोग नाही. मतदानाच्या आधल्या रात्री कोणाच्या ओट्यावर कोण बसले होते, यावरून लोक मते मोजतात आणि बहुधा ती बरोबर निघतात.