'एमसीए'ची वर्षे घटली, नियोजनाची वाढली

बीबी (ता. लोणार), प्रतिनिधी : संगणकशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षणाचा विचार पदवीचा निकाल लागल्यावर करावयाचा, असा समज बुलढाणा जिल्ह्यातील बीबीसारख्या गावांत अद्याप आढळतो. बदललेल्या नियमांपुढे तो टिकणारा नाही.

तीन वर्षांचा 'एमसीए' अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२०-२१ पासून दोन वर्षांवर आणला. एका वर्षाचे शुल्क वाचले हे खरे. परंतु मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी ज्या अवधीत कच्चे राहिलेले गणित व प्रोग्रॅमिंग भरून काढू शकत असे, तोच अवधी गेला. शेवटचे सत्र बहुधा प्रकल्पात जाते आणि त्याआधीचे नोकरभरतीच्या धावपळीत. त्यामुळे ही उणीव आता पदवीच्या दुसऱ्या वर्षापासूनच दूर करावी लागेल. एनआयटींतील 'एमसीए'साठी असलेल्या 'निमसेट' परीक्षेचा सर्वाधिक भर गणितावरच आहे. आयआयटींच्या एम.एस्सी. प्रवेशासाठीच्या 'जॅम'मध्ये तर संगणकशास्त्राचा स्वतंत्र पेपरही नाही!

'एम.टेक.'कडे जाणाऱ्यांसाठी 'गेट' पदवीच्या तिसऱ्या वर्षातही देता येते व तिचे गुण तीन वर्षे ग्राह्य धरले जातात. 'गेट'मधून परिषदेच्या मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश मिळाल्यास दरमहा १२ हजार ४०० रुपये शिष्यवृत्तीची सोय आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची पदवी घेतल्यास पदव्युत्तर पदवी एका वर्षात घेण्याचाही मार्ग खुला झाला आहे. तीन वर्षांनी बाहेर पडावयाचे की थांबावयाचे, हा निर्णय त्यामुळे पुढच्या अभ्यासक्रमाशी थेट जोडला गेला आहे.

खरी मेख मात्र प्रवेशाच्या तारखांत आहे. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य शासनाने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केले; परंतु ही सवलत केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून आलेल्यांनाच मिळते. सामाईक प्रवेश परीक्षा तर सहसा पदवीचा निकाल लागण्यापूर्वीच उरकलेली असते. ती हुकली आणि मुलीने व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली, की माफीही गेली. कागदपत्रांचेही तेच. प्रवेशफेऱ्या सुरू झाल्यावर दाखल्यांसाठी गर्दी उसळते. उत्पन्नाचा नवा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र यांचे अर्ज एप्रिलमध्येच लोणारला दाखल झालेले बरे.