रक्त ठिबकणारं कुत्रं हाकलू नका

खुटबाव, केडगाव, यवतच्या शिवारात उसाच्या फडाकडेला नाहीतर मेंढपाळाच्या वाड्यावर कुत्रं असतंच. एखाद्या कुत्रीच्या लघवीच्या जागेतून रक्त ठिबकताना दिसलं की आपण म्हणतो, माजावर आली असेल. पण रक्त आठवडेच्या आठवडे थांबत नसेल, किंवा नरालाच येत असेल, आणि तिथे फुलकोबीसारखा लालभडक गड्डा दिसत असेल, तर तो बहुधा कर्करोग आहे. बरा होणारा कर्करोग.

तो मिलनातून पसरतो. यात विषाणू नाही. गाठीतल्या जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजतात. काही हजार वर्षांपूर्वी आशियातल्या एका कुत्र्याच्या अंगात उपजलेल्या पेशींचा हा वंश आज जगभर आहे. माणसाला तो होत नाही, तेव्हा काठी उचलू नका.

परक्या पेशींना कुत्र्याचं शरीर सहन कसं करतं? पेशीची ओळख पटवणारी प्रथिनं तिच्या अंगावर असतात. ती बनवणारी जनुकं या गाठीत दबून राहतात. ओळखच पटली नाही, तर संरक्षक पेशी हल्ला कुणावर करणार? माणसाचे कितीतरी कर्करोग असेच लपतात. 2018 साली 'कॅन्सर सेल' या नियतकालिकात एक अभ्यास आला. या रोगावरचं व्हिन्क्रिस्टीन हे औषध दिलेल्या कुत्र्यांच्या गाठीचे तुकडे उपचार चालू असतानाच तपासले होते. गाठ विरू लागली तेव्हा संरक्षक पेशींना बोलावणारं सीसीएल5 हे जनुक जोरात चालू झालं होतं. म्हणजे नुसतं औषधच लढत नाही, शरीरही लढतं. कुत्रं आपल्याच हवापाण्यात जगतं आणि त्याला रोग नैसर्गिकपणेच जडतो, म्हणून त्याची गाठ माणसाच्या डॉक्टरांनाही शिकवते.

तेव्हा माझी कळकळीची विनंती आहे. गाठ दिसताच पशुवैद्यकाकडे न्या. व्हिन्क्रिस्टीनचं इंजेक्शन आठवड्याला एक, बहुतेकदा 4 ते 6 लागतात. गाठ आटली म्हणून मध्येच सोडू नका. स्वतः टोचू नका, औषध शिरेबाहेर सांडलं तर मांस सडतं. उपचाराच्या दिवसांत कुत्र्याची विष्ठा, लघवी हातमोजे घालूनच साफ करा, पोरांना लांब ठेवा. डॉक्टरांनी तपासणीला गाठीचा तुकडा मागितला तर नाही म्हणू नका. मोकाट कुत्र्याला मालक नसतो. आळीतल्या चार घरांनी मिळून खर्च उचलावा आणि बरं झालं की त्याची नसबंदी करून घ्यावी.