स्फुरद की फॉस्फरस?

लोणार सरोवराच्या काठावर पूर्वी गोळा होणाऱ्या क्षारांना दल्ला, पापडी, भुसकी अशी नावे होती. सगळ्यांत मुख्य घटक सोडिअमच. तो 'सोडिअम' लिहावा की 'सोडियम', यावर भाषातज्ज्ञ खुशाल भांडोत. पाण्याचा खारेपणा त्याने बदलत नाही. सल्फरच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'पीएच' की 'एफ', हा वादही त्याच जातीचा. 1990 मध्ये आययूपॅक या रसायनशास्त्राच्या जागतिक संघटनेने 'एफ'च्या बाजूने कौल दिला.

खताच्या पोत्यावरचा घोळ मात्र महागात पडू शकतो. लोणारच्या शाळेत मूल नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशिअम शिकते. बापाला कृषी केंद्रात नत्र, स्फुरद, पालाश ऐकू येते. नावे जोडीची, पण आकडे एक नाहीत. 10:26:26 मधला नत्राचा 10 हा थेट नायट्रोजनचा. स्फुरदाचा 26 हा फॉस्फरसच्या ऑक्साइडचा, पालाशचा पोटॅशिअमच्या ऑक्साइडचा. म्हणजे 50 किलोच्या पोत्यात स्फुरद 13 किलो, निव्वळ फॉस्फरस जेमतेम पावणेसहा. पोटॅशिअमही 13 नव्हे, पावणेअकराच्या आसपास. ही जुन्या काळच्या मोजणीची सवय; बहुतेक ठिकाणी अजून सुटलेली नाही.

शिफारस ऑक्साइडमध्ये आणि हिशेब मूलद्रव्यात केला, तर स्फुरदाची मात्रा सव्वादोन पटींहून अधिक होते. पैसे वाया जातातच, शिवाय जादा स्फुरदामुळे पिकाला जस्त मिळणे अवघड होते. माती परीक्षणाचा अहवाल हाती आला की आकडा मूलद्रव्याचा की ऑक्साइडचा, एवढे सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारून घ्यावे.