नकाशा पेन्सिलीत असतानाच बोला!

वरळी कोळीवाड्याने कोस्टल रोडचा एक खांब आराखड्यातून काढायला लावला, हे किती मुंबईकरांना ठाऊक आहे?

हा रस्ता वांद्रे-वरळी सेतूला जिथे मिळतो, तिथे दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवलं होतं. कागदावर ते ऐसपैस दिसतं. पण उधाणात, वारा आडवा असताना तिथून होडी काढायची कशी, हे सुकाणू धरणाऱ्यालाच कळतं. कोळ्यांनी २०० मीटर मागितले, होड्या घालून काम अडवलं, बैठकांमागून बैठका झाल्या. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये १२० मीटर पदरात पडले. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्या सांध्यावर १३६ मीटर लांबीची, सुमारे दोन हजार टनांची पोलादी कमान तराफ्यावरून आणून बसवली. सगळं मिळालं नाही हे खरं, पण होडीला वाट मिळाली.

आता उरलेल्या शहराने स्वतःला विचारावं, आपण काय मागितलं?

या रस्त्यांचा उगम फार जुना आहे. विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार कंपनीने १९६२ च्या सुमारास मुंबईला पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून मुक्तमार्ग आखून दिले. तेव्हाही मुंबई लोकलने कामाला जात होती! तरी शहराच्या भविष्याचं चित्र मोटारीच्या काचेतूनच काढलं गेलं आणि पिढ्यानपिढ्या तेच गिरवलं गेलं. वांद्रे-वरळी सेतू २००९ मध्ये खुला झाला, पूर्व मुक्तमार्ग २०१३ मध्ये, कोस्टल रोडचा पहिला भाग मार्च २०२४ मध्ये. त्यावर दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी. बससाठी स्वतंत्र मार्गिकेचा गाजावाजा मात्र नियोजनाच्या काळात भरपूर झाला होता. मग ती मार्गिका कुठे आहे? साडेदहा किलोमीटरच्या रस्त्यावर जनतेचे हजारो कोटी रुपये ओतले गेले. घाम गाळत वसईहून चर्चगेटला येणाऱ्याच्या वाट्याला त्यातलं काय आलं, याचा हिशेब कुणी मागायचा?

विरारच्या लोकलला लोंबकळणाऱ्या भावांनो, बसथांब्यावर ताटकळणाऱ्या बहिणींनो, हा हिशेब तुमचा आहे. आणि वेळ अजून गेलेली नाही.

पुढचा टप्पा वर्सोव्याहून भाईंदरकडे निघाला आहे. त्यासाठी ४५ हजारांहून अधिक तिवरांना हात लागणार, ही पालिकेचीच आकडेवारी. तिवरांचं मोल २६ जुलै २००५ चा प्रलय पाहिलेल्या शहराला नव्याने सांगावं लागत असेल, तर आपण पूर विसरतो तो पाणी ओसरण्याआधीच. गोरेगाव, मालाड, चारकोप, दहिसरकरांनो, उतारमार्ग कुणाच्या गल्लीत उतरणार, बसला मार्गिका मिळणार का, मच्छीमाराची वाट कुठून जाणार, हे आजच विचारा. काँक्रीट ओतल्यावर मिळते ती फक्त सहानुभूती.

‘आम्हाला त्यातलं काय कळतं?’ ही पळवाट सोडा. २०१५ मध्ये मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा आला, तेव्हा लोकांनी नकाशे उलगडून आपली गल्ली, आपलं मैदान शोधलं आणि हजारो हरकतींचा पाऊस पाडला. सरकारला तो मसुदा नव्याने करायला सांगावं लागलं. हरकती घेणारे सगळे काही नगररचनाकार नव्हते.

मोटारवाल्यांशी आपलं वैर नाही. एका बसमध्ये पन्नास माणसं मावतात आणि एका मोटारीत बहुधा एक, एवढंच आपलं गणित. तेव्हा सोसायटीच्या पुढच्या सभेत पार्किंगचं भांडण अर्धा तास बाजूला ठेवा. नकाशा मागवा, नसेल मिळत तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. कोळीवाड्यातल्या जाणत्यांना शेजारी बसवा. हरकत मराठीत लिहा, साध्या शब्दांत लिहा, सह्या गोळा करा, मुदतीच्या आत विभाग कार्यालयात नेऊन द्या, आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका.