उघड्या दाराची श्रद्धा

श्रद्धेविषयी बोलण्याचे धैर्य म्हटले की साधारणतः दोन चित्रे डोळ्यांसमोर येतात. एक हुतात्म्याचे, दुसरे चौकात उभे राहून उपदेश करणाऱ्या प्रचारकाचे. या दोहोंखेरीज एक तिसरी वाट आहे आणि पंडिता रमाबाईंच्या चरित्रात ती स्पष्ट दिसते. मराठीच्या अध्यापनात मात्र आपण नेमकी तीच झाकून ठेवतो, असे मला वाटते.

रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. संस्कृत विद्वत्तेसाठी ज्यांना कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या उपाधी मिळाल्या होत्या, त्यांचे हे पाऊल महाराष्ट्राला रुचणे शक्यच नव्हते. पण रमाबाईंचा पत्रव्यवहार वाचताना लक्षात येते की आपली श्रद्धा त्यांना दोन आघाड्यांवर सांगावी लागली. ज्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता होत्या, त्यांच्याशीही त्यांनी त्रैक्याच्या सिद्धांतावरून आणि चर्चच्या अधिकारावरून वाद घातला. क्रूसावर लॅटिन शब्द कशासाठी, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. ज्यांच्या आश्रयाला आपण राहतो त्यांना, मी ख्रिस्ताची आहे पण माझी विवेकबुद्धी मी तुमच्या स्वाधीन केलेली नाही, असे सांगणे हेही साक्ष देणेच होय. हे धैर्य विरोधकांसमोर बोलण्याहून कमी कठीण नसते.

दुसरी आघाडी पुण्याची. १८८९ साली मुंबईत उघडलेले शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यात आले. उच्चवर्णीय विधवांना तेथे आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती आणि सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, हे ठरलेले होते. रमाबाई स्वतः मात्र आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि त्या वेळी खोलीचे दार लावून घेत नसत. कोणी यावे असे त्या म्हणत नसत. कोणी आले तर अडवीत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या आणि त्यावरून वादळ उठले. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घेतले असते तर कदाचित हे सारे टळले असते. पण आपल्याच घरात आपली प्रार्थना लपवायची, हा सौदा रमाबाईंना मान्य नव्हता.

आक्षेप घेणाऱ्यांची बाजूही विचारात घेतली पाहिजे. आश्रित मुलीच्या दृष्टीने आश्रयदात्रीची श्रद्धा ही केवळ खाजगी बाब उरत नाही. जिच्या हातून अन्न आणि अक्षर मिळते तिचे उघडे दार हेही एक आमंत्रण असते. रानडे-भांडारकरांची अस्वस्थता म्हणूनच निव्वळ सनातनीपणा ठरवून बाजूला सारता येत नाही. मला वाटते, श्रद्धेच्या उच्चाराची मर्यादा येथेच सापडते. मी कोण आहे हे सांगण्याचा माझा अधिकार पूर्ण आहे; तू कोण व्हावेस हे ठरवण्याचा अजिबात नाही. आणि माझ्या हाती सत्ता जितकी अधिक, तितकी ही सीमा सांभाळण्याची जबाबदारी मोठी.

आता आपल्या वर्गाकडे वळू. वर्गात रेव्हरंड टिळक येतात ते ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला हे आपण चरित्रविषयक टिपणात सांगतो आणि पुढे जातो. तुकोबांच्या अभंगपरंपरेतून त्यांनी ख्रिस्ताकडे वाट काढली, ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतले आणि ते अपुरे राहिल्यावर लक्ष्मीबाईंनी पुरे केले, या गोष्टींवर किती तास खर्च होतात? ‘स्मृतिचित्रे’ आपण विनोदासाठी आणि सहज गद्यासाठी वाखाणतो. पण नवऱ्याच्या धर्मांतराने कोसळलेली एक बाई स्वतःच्या विचाराने सोवळ्याओवळ्याच्या पलीकडे जाते आणि १९०० साली आपला निर्णय आपण घेते, हा त्या पुस्तकाचा कणा आहे. तो वगळून उरतो तो नुसता खुसखुशीतपणा.

हे मौन निरुपद्रवी नाही. वर्गातला ख्रिस्ती विद्यार्थी त्यातून एवढेच शिकतो की मराठीत यायचे तर श्रद्धा उंबऱ्याबाहेर काढून ठेवावी. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. म्हणजे मराठीत ख्रिस्ताविषयी बोलण्याला चार शतकांहून अधिक काळ लोटला. तरीही २०१९ साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड होताच त्यांच्या धर्मगुरू असण्यावरून विरोध सुरू झाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) संमेलनाला ते प्रकृती बरी नसतानाही गेले. फादर ही ओळख त्यांनी कधी लपवली नव्हती. ‘सुबोध बायबल’ लिहिणारा माणूस ती लपवणार तरी कशी?

श्रद्धा नसलेल्या वाचकालाही या धैर्याची गरज आहे, कारण ज्या समाजात एकाला आपली प्रार्थना दार लावून करावी लागते, तेथे दुसऱ्याची शंकाही फार काळ उघड्यावर टिकत नाही. आपल्या हाती अभ्यासक्रम नसेल, पण तास आपल्या हाती आहे. त्या तासात टिळकांना, लक्ष्मीबाईंना, रमाबाईंना त्यांच्या श्रद्धेसह बोलू द्यावे, आणि त्यावर प्रश्न विचारण्याची मुभा प्रत्येक विद्यार्थ्याला असावी.