४० वर्षांपूर्वीच्या रिमोटच्या गाड्या पुन्हा विकल्या जातायत, पण त्या घेणारी माणसं ट्रॅकवर टिकणार का?

जुलै २०२५ मध्ये जपानमधून एक बातमी आली. तामिया या मॉडेल बनवणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष शुनसाकु तामिया यांचं वयाच्या ९० व्या वर्षी निधन झालं. आपल्याकडे ही बातमी फार कुणी वाचली नसेल. पण जपान, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या पन्नाशीच्या आसपासच्या अनेकांना त्या दिवशी एकच गोष्ट आठवली असणार. लहानपणी स्वतः जोडलेली, रिमोटवर पळणारी गाडी.

आता तीच मंडळी मोठ्या खंडानंतर पुन्हा या शर्यतींकडे वळतायत. त्यांच्यासाठी कंपन्यांनी जुनी मॉडेल्स नव्याने बाजारात आणलीत.

ही भानगड सुरू कुठून झाली?

१९७६ ला तामियाने पोर्शे ९३४ ही आपली पहिली रिमोटवरची गाडी आणली. खऱ्या गाडीच्या एकास बारा या प्रमाणातली. १९८४ ला तामियाची 'हॉर्नेट' आली आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या टीम असोसिएटेडची 'आरसी१०'. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात डेल मार इथे अशा ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली.

या गाड्या तयार मिळत नव्हत्या. डब्यात सुटे भाग असायचे, ते स्क्रू पिळून आपणच जोडायचे. एखादा भाग तुटला तर तेवढाच बदलायचा. खेळण्यांच्या दुकानातली रिमोटची गाडी आणि ही गाडी यांत मुख्य फरक हाच.

मग कंपन्यांनी काय केलं?

२००४ ला तामियाने हॉर्नेट पुन्हा आणली. २०१३ ला आरसी१० परत आली, २०१६ ला क्योशो कंपनीची 'ऑप्टिमा'. हिशोब सोपा आहे. १९८४ मध्ये जो मुलगा १२ वर्षांचा होता, त्याने आता पन्नाशी ओलांडलीय. तेव्हा त्याला गाडीसाठी आईवडिलांकडे हट्ट धरावा लागायचा. आता पाकीट त्याचंच आहे. शिवाय त्याला गाडीचं नाव आधीच पाठ आहे, त्यामुळे जाहिरातीलाही फार कष्ट पडत नाहीत.

परत आलेल्या माणसाला काय वेगळं दिसतं?

पहिलं म्हणजे रेडिओ. पूर्वी प्रत्येक रिमोटमध्ये ठरावीक फ्रिक्वेन्सीचा क्रिस्टल असायचा. दोघांचा क्रिस्टल एकच निघाला की एकाच्या रिमोटने दुसऱ्याची गाडी भरकटायची. त्यामुळे शर्यतीआधी कुणाची फ्रिक्वेन्सी कोणती, हे बघावंच लागायचं. आता २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट आपापल्या गाडीशी जोडलेले असतात. तो गोंधळ संपला.

दुसरं म्हणजे मोटर. जुन्या मोटरमधले कार्बन ब्रश झिजायचे. आता ब्रशलेस मोटर आल्यात. त्या जोरदार असतात आणि देखभालही कमी मागतात.

तिसरी गोष्ट बॅटरी, आणि इथे खरंच जपायला हवं. तेव्हा निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या होत्या, आता लिथियम पॉलिमर, म्हणजे 'लिपो' आहेत. लिपोचा एक सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करायचा नाही आणि साधारण ३ व्होल्टच्या खाली उतरू द्यायचा नाही. माळ्यावरून काढलेला जुना चार्जर तिला लावला तर आग लागू शकते. जुन्या गाडीतल्या स्पीड कंट्रोलरला बॅटरी कधी तोडायची हे कळत नाही, त्यामुळे त्यात थेट लिपो टाकणंही धोक्याचं.

वेग परवडतो का?

परत येणारे बरेच जण आधी सगळ्यात वेगवान मोटर घेतात आणि मग गाडी फळीवर आपटत राहते. म्हणूनच क्लबांमध्ये मर्यादित ताकदीचे वर्ग असतात. मोटरच्या तारेचे वेढे ठरवून दिलेले असतात. वेढे जास्त, तर वेग कमी. १७.५ वेढ्यांचा वर्ग नव्याने सुरुवात करणाऱ्याला झेपतो. काही ठिकाणी जुन्या गाड्यांच्या वेगळ्या शर्यतीही होतात.

खरा पेच कुठे आहे?

डबा विकला गेला म्हणजे शर्यत वाचली, असं होत नाही. अनेकांची गाडी जोडून थेट कपाटात जाते. त्यात कंपनीचा फायदा होतो, क्लबच्या हाती काहीच लागत नाही.

क्लब चालतो माणसांवर. ब्रिटनमध्ये कितीतरी क्लब शाळांच्या किंवा क्रीडा केंद्रांच्या हॉलमध्ये भरतात. गालिचा अंथरायचा, फळ्या लावायच्या, रात्री सगळं आवरायचं. हे करणारे बहुतेक स्वयंसेवकच. एक शर्यत साधारण पाच मिनिटांची. ती संपली की रिमोट खाली ठेवून ट्रॅकच्या कडेला उभं राहायचं आणि पुढच्या शर्यतीत उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. चॅम्पियन असला तरी सुटका नाही. हा नियम ४० वर्षांत बदललेला नाही.

म्हणून परतणाऱ्या माणसाची क्लबला दुहेरी गरज आहे, खेळायला आणि राबायला. पण सगळे एकाच पिढीचे असतील तर आणखी २० वर्षांनी त्या गाड्या सरळ करायला कोण उभं राहणार?

आपल्याकडे काय?

आपल्याकडे बहुतेकांसाठी हे परत येणं नाही, पहिल्यांदाच येणं आहे. सुटे भाग बदलता येणाऱ्या चांगल्या गाड्या मुख्यतः बाहेरून येतात. भारताने खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के केलं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. छोटी मॉडेल्सही त्यात आली. देशी खेळणी उद्योगाला बळ मिळावं हा त्यामागचा हेतू, पण या छंदाचा उंबरठा त्यामुळे उंच झाला.

तिकडे मात्र हा छंद किती वर्षं चालेल, हे पन्नाशीतला माणूस डबा घेऊन घरी गेल्यावर काय करतो यावर ठरेल. गाडी कपाटात ठेवली तर आठवण तेवढी जपली जाईल. घरातल्या बारा वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला सोबत घेऊन ट्रॅकवर गेला, तर शर्यत पुढे चालू राहील.