'धक्कास्टार्ट' म्हणून हसणाऱ्यांना

या आठवड्यात बमरोलीतल्या निम्म्या फोनवर एकच व्हिडिओ फिरतोय. कुठल्याशा इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांची रेसची गाडी मैदानात मध्येच बंद पडलीय आणि पोरं ती ढकलत बाहेर नेताहेत. खाली शेरा: 'धक्कास्टार्ट फॉर्म्युला वन'. मला तो पाठवणाऱ्यांत लूमवालेही आहेत, याचा राग जास्त आला. ज्यांचं पोट यंत्रावर चालतं त्यांनी तरी दात काढू नयेत.

या पोरांच्या स्पर्धा म्हणजे गंमत नसते. कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर 'फॉर्म्युला भारत' भरते. तिथं गाडी पळवू देण्याआधी ती 60 अंशांपर्यंत कलती करून बघतात. तेल गळलं तर परत पाठवतात. ब्रेक दाबल्यावर चारही चाकं जाम झालीच पाहिजेत. मग 22 किलोमीटरची दमछाक, त्यातच मध्ये चालक बदलायचा. बऱ्याच गाड्यांचा जीव तिथेच जातो. जिथं जीव गेला तिथून पुढच्या वर्षीची गाडी सुरू होते.

बरं, ही कॉलेजची पोरं. आपली मुंबईची महिंद्रा घ्या. फॉर्म्युला ई म्हणजे विजेच्या गाड्यांची जागतिक शर्यत, आणि महिंद्रा तिथं पहिल्या मोसमापासून आहे. 2023 च्या जानेवारीत तिसऱ्या पिढीची नवीकोरी गाडी मेक्सिकोत उतरली. महिंद्राच्या लुकास दि ग्रासीनं पहिल्या जागेवरून सुरुवात केली आणि शर्यतीत तिसरा आला. फेब्रुवारीत हैदराबादला शर्यत झाली, घरच्या मैदानावर टाळ्या पडल्या. त्यानंतर दोनच आठवड्यांनी केपटाऊनला मागच्या सस्पेन्शनबद्दल शंका आली. पात्रता फेरीआधीच महिंद्रानं दोन्ही गाड्या मागे घेतल्या. महिंद्राचीच यंत्रणा वापरणाऱ्या आब्ट संघाच्या दोन गाड्याही उभ्या राहिल्या. चार गाड्या, एक शंका, शटर खाली.

तेव्हा हसणारे हसलेच. मला मात्र 1969 सालची पोर्शची 917 ही शर्यतीची गाडी आठवली.

शर्यतीच्या त्या वर्गात उतरायचं तर 25 गाड्या बनवून दाखवा, असा नियम होता. अर्धवट गाड्या दाखवल्या तर अधिकाऱ्यांनी नकारार्थी मान हलवली. मग कंपनीनं कचेरीतल्या माणसांनासुद्धा जोडणीला बसवलं असं सांगतात. एप्रिलमध्ये पंचवीसच्या पंचवीस गाड्या ओळीत उभ्या! तांत्रिक बाजूचा सर्वेसर्वा फर्डिनांड पिएक अधिकाऱ्यांना म्हणाला, हवी ती चालवून बघा. कुणी बसलं नाही. शहाणे होते. साडेचार लिटरचं, बारा सिलिंडरचं इंजिन असलेली ती गाडी वेगात गेली की मागून उचलायची आणि सरळ रस्त्यावर डुलायची. पोर्शचे स्वतःचे चालक ती सोडून जुनी 908 मागत. तरी जूनमध्ये ल मान्सच्या शर्यतीत ती उतरलीच, आणि जॉन वूल्फ हा खासगी इंग्लिश चालक पहिल्याच फेरीत गेला.

आता गंमत ऐका. ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रियात झेल्टवेगला चाचणी लागली. मोठमोठे अभियंते सस्पेन्शनशी झटापट करत होते. जॉन हॉर्समन नावाच्या इंग्लिश इंजिनिअरनं गाडी थांबल्यावर तिच्या अंगाकडे पाहिलं. नाकावर चिलटं चिकटून मेलेली, शेपटीवर एकही नाही. म्हणजे वारा शेपटीला शिवतच नव्हता, तर तिला दाबून कोण धरणार? तिथल्या तिथं अल्युमिनिअमचे पत्रे आणले, शेपटी उंच केली, रिव्हेट आणि टेप मारून गाडी पुन्हा सोडली. चालकांना परतायची इच्छा होईना. 1970 मध्ये हेरमान आणि अ‍ॅटवुड यांनी तशाच शेपटीची 917 चालवून पोर्शला ल मान्सचं सर्व वर्गांत मिळून पहिलं जेतेपद मिळवून दिलं.

आता मला सांगा, शरम कुणाला वाटायला हवी? शंका असतानाही मोजणी पूर्ण करून गाडी उतरवणाऱ्याला, की भर मोसमात, मालकाचं नाव रंगवलेली गाडी शर्यतीच्या दिवशी झाकून ठेवणाऱ्याला? महिंद्रानं त्या मोसमात अकरा संघांत दहावा क्रमांक घेतला, संघाचा दुसरा चालक ऑलिव्हर रोलँड मध्येच सोडून गेला आणि पुढे निसानकडून जगज्जेता झाला. टोचतं ते. पण 2024-25 मध्ये महिंद्रा चौथ्या क्रमांकावर आली, हेही हसणाऱ्यांनी एकमेकांना पाठवावं.

माझं जुनं तुणतुणं वाचकांना पाठ आहे: यंत्राची कुरकुर ज्याच्या कानाला आधी कळते, त्याला मीटिंगला बोलावत नाहीत. केपटाऊनलाही ती आधी एखाद्या मेकॅनिकनंच ऐकली असणार. पुरावा? माझ्याकडे नाही. पांडेसऱ्याच्या कुठल्याही लूमच्या मास्टरला विचारा, तो पुराव्याशिवाय पटवून देईल.

व्हिडिओ पाठवणाऱ्यांतल्या एका शेठकडे पुढच्या आठवड्यात नवी रेपियर मशिनं बसताहेत. पूजेचा मुहूर्त ठरलाय, पेढे सांगितलेत, फोटोवाला ठरलाय. ट्रायल कधी, असं मी मास्टरला विचारलं. तो म्हणाला, पूजेनंतर बघू, शेठनी पहिल्याच दिवशीच्या मालाची ऑर्डर घेतलीय.

— फिटर, बमरोली (सुरत)